दोन व्यापाऱ्यांना गेलेली एकच मागणी

बुधवार, १५ ऑक्टोबर. संध्याकाळचे सव्वासात. जरीची मागणी पाठवून बसलोय, उत्तर येईपर्यंत हे लिहितोय.

सुताची मागणी आजपासून मी प्रोलॉग या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम करणार, म्हणून आप्पांनी आपला फोन मागावर ठेवून दिला होता. दुपारी त्यावर दोन मेसेज आले. दोन्ही व्यापारी सूत पाठवतो म्हणत होते.

"एवढं सूत ठेवायचं कुठं रं?" आप्पा म्हणाले. "जमत न्हाय तर सांग, मी आपला फोन करतो."

आक्का हसली. "ह्याचं प्रोलॉग दोन पोरींना व्हय म्हणून आलंय."

पहिल्या व्यापाऱ्याला मीच फोन करून नको म्हटलं. लई लाज वाटली.

चूक प्रोलॉगची की माझी? माझीच. एखादी अट जुळली नाही की प्रोलॉग मागे फिरतं आणि दुसरी वाट धरतं. मी मागणी आधी पाठवत होतो, सूत उद्या मिळेल का ते नंतर बघत होतो. पहिल्याकडे उद्या मिळणार नव्हतं, म्हणून प्रोलॉग मागे फिरलं. पण वेबवर गेलेली रिक्वेस्ट कशी मागे फिरणार? आता आधी दोघांना नुसतं विचारायचं. मागणी सगळ्यात शेवटी, एकदाच. जरीची मागणी तशीच पाठवलीय. हे बरोबर आहे, मला खात्री आहे.

मेसेज आला. एक.

आप्पा फोनकडे बघत उभे आहेत. मीही बघतोय. दुसरा येत नाही.

आप्पांनी फोन खिशात घातला आणि माग चालू केला.