दोन्ही संघांच्या बाहेर

११ जानेवारी २००४, लांजा

आज मला तपासलं! सावर्ड्याच्या कबड्डी स्पर्धेत, उपांत्य सामन्याच्या आधी.

आम्ही अंग मोकळं करत होतो. पंच आले, आमच्या कोच यमुनाताईंना बाजूला घेतलं. "तुमच्या श्रुतीवर हरकत आलीय. मुलगा खेळवता म्हणे." कोणी घेतली? ते सांगता येत नाही म्हणाले.

शाळेच्या एका वर्गात नेलं. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. बाहेर पोरांचं खिदळणं. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या, हात तेवढे गार होते. मग दार उघडून त्यांनी सगळ्यांना सांगितलं — "मुलगीच आहे."

टाळ्या पडल्या! आमच्या पोरींनी मला उचललं. गोदा रडत होती. "जिंकलीस गो श्रुती, जिंकलीस!"

त्या टाळ्यांत मी मेलो. मेलोच. इथे तरी 'मेले' लिहिणार नाही.

सामनाही जिंकलो म्हणे. मला एकही चढाई आठवत नाही.

१२ जानेवारी

आईने पेज आणून ठेवली. तशीच राहिली.

२५ जानेवारी

यमुनाताईंना सांगून टाकलं. सराव संपल्यावर, मैदानातच.

"ताई, मला बायकांच्या संघात नाही खेळायचं."

"त्या दिवशीचं मनाला लावून घेतलंस?"

"त्या बाईंनी सांगितलं ते खरं नाही. मी मुलगी नाही. कधीच नव्हतो."

ताई किती वेळ पायाने फक्कीची रेघ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला समजतंय असं खोटं नाही बोलणार. पण तुला खेळवू कुठे, ते तूच सांग."

"पुरुषांच्यात."

हसल्या नाहीत. एवढंही कोणी करत नाही.

१ फेब्रुवारी

ताईंनी शब्द टाकला आणि हमझाने सरावाला घेतलं. तो पुरुष संघाचा कॅप्टन. "ये. पण पकड ढिली सोडणार नाय हां, आधीच सांगतो."

नाही सोडली! ओठ फुटलाय, खांदा वर होत नाही. आधीच्या सगळ्या चढायांत बाद. शेवटच्या चढाईत हमझाच्याच टाचेला हात लावून परत आलो. तो मातीत बसून ओरडला, "च्यायला! कधी आलास नि कधी गेलास!"

आलास. गेलास. त्याच्या लक्षातही आलं नसेल.

१५ फेब्रुवारी

आमच्या क्रीडा मंडळाची बैठक. विषय — मी.

"जिल्ह्याची मान्यता गेली तर?" "पोरीला कुठे लागलं तर जबाबदार कोण?" गोदा उठली. "आम्ही हिच्यासोबत कपडे बदललेत. आम्हाला आता कसं वाटतं, ते कोण विचारतंय?" माझ्याकडे बघितलंही नाही. रागावता येईना मला. तिचंही खोटं नव्हतं.

हमझा म्हणाला, "खेळतो चांगला. खेळाडू हवाय का नको?"

मागून कोणीतरी — "खेळतो का खेळते, ते आधी ठरवा!" सगळी खोली हसली.

ठरलं ते असं — तूर्त कुठल्याच संघात नको. यमुनाताई शिट्टी टेबलावर टाकून निघून गेल्या.

बाबा शेवटच्या रांगेत होते. शाळेत एवढ्या मुलांपुढे बोलणारा माणूस, पण तिथे मान खाली. घरी पायरीवर चपला काढताना म्हणाले, "बरं झालं. आता घरात बस."

२८ मार्च

मैदानाच्या रस्त्याने जात नाही. काजूच्या कारखान्यात कामाला चिरेखाणीकडून वळसा घालून जातो. तरी दमाचा आवाज येतोच — कबड्डी कबड्डी कबड्डी.

२ मे

सावर्ड्याहून पाहुणे आले होते. मला बघायला. आईची साडी नेसून मी पोहे दिले.

मुलाची आत्या चाचरत म्हणाली, "काहीबाही कानावर आलं होतं, म्हणून —"

"तपासलंय!" बाबा मध्येच म्हणाले. "डॉक्टरांनी. सगळ्या मैदानासमोर सांगितलंय."

बक्षीस मिळाल्यासारखे बोलले.

पाहुणे गेल्यावर आईला विचारलं, "बाबांना त्या गोष्टीचा एवढा आनंद कसला?" ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. करपली तरी. मग म्हणाली, "हरकत त्यांनीच घेतली होती गो. म्हणाले, एकदा जाहीर झालं की लोकांची तोंडं बंद होतील. तुझ्या भल्यासाठीच केलं बाय."

बाबांनी!

त्या दिवशी वर्गातून बाहेर आलो तेव्हा ते दाराशी उभे होते. हातात माझी पाण्याची बाटली. "पी," म्हणाले. मी प्यालो.

९ मे, बुरोंडी

हमझाच्या मामाकडे मासळी निवडायचं काम मिळालं. मी कुठे आहे ते घरी ठाऊक नाही.

संध्याकाळी समुद्राकाठी पुळणीवर पोरं कबड्डी खेळत होती. लांब उभा राहून बघत होतो. एकाने हाक मारली, "खेळतोस काय रे? नाव काय तुझं?"

"सम्यक." पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो.

"कुठच्या बाजूने येतोस?"

"जिकडे एक कमी असेल तिकडे."