'टक्कर'साठी एक वाक्य

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय भाऊजी,

तुमची तब्येत बरी असेल अशी आशा. इकडे सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुमची खोली त्या रोज झाडतात आणि शेजारणीला सांगतात, धाकट्याला कामातून मान वर करायला फुरसत नाही. मी हो ला हो करते.

शब्दकोशाच्या कचेरीत माझं बरं चाललंय. आमच्याकडे रीत अशी, की ज्याने शब्द लिहिला त्यानेच उदाहरणाचं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. अडखळलं की वाक्य बाद. परवा माझ्या वाट्याला 'टक्कर' आला. अर्थ लिहिला, दोन वस्तू जोराने एकमेकींवर आदळणे. उदाहरण दिलं, "नवख्या संघाने चांगली टक्कर दिली."

संपादकबाई म्हणाल्या, "अहो, मूळ अर्थाला बगल का देताय? काहीतरी आदळू द्या की!"

सगळे हसले. मीही हसले.

मग लिहिलं, "वळणावर दोन गाड्यांची टक्कर झाली." वाचायला उभी राहिले आणि 'वळणावर'च्या पुढे आवाजच फुटेना. बाईंनी हळूच कागद घेतला. "राहू दे, मी वाचते." त्या वाचत होत्या आणि मला मागच्या सीटवरून ह्यांचं डोकं दिसत होतं, तुमच्या कुठल्याशा विनोदावर हलणारं.

गाड्या आदळल्याचा तो आवाज घरात येतो, भाऊजी. कपाटाचं दार लागलं तरी येतो. त्यानंतरची शांतता तर जास्तच वाईट. सासूबाई म्हणतात, "अगं, दारच वाजलं. एवढी काय दचकतेस?" त्यांना काय सांगू?

हे गेल्यापासून तुम्ही उंबरठा ओलांडला नाहीत. तुम्हाला माफ केलं, असं लिहायला बसले होते. खोटं कशाला लिहू? नाही केलं. रस्त्यावरची नजर काढून तुम्ही ह्यांच्याकडे वळलात, ते मी पाहिलंय. कधी कधी इतका राग येतो, की भिंतीवरचा तुमचा फोटो उलटा करून ठेवते.

तरी या. आईला एक मुलगा तरी दिसू दे, एवढंच कारण देणार होते, पण ते पुरतं खरं नाही. तो आवाज ऐकलेलं या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. मला तो एकटीने ऐकवत नाही.

अजूनही तुमचीच,
वहिनी