लहान लाटेची फळी

बाबा,

माझं नाव आधी तुमच्या बहिणीचं होतं, हे मला मंगळवारी कळलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, खाप्याला काकूच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप असताना. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. आई गेली, काकाही गेले. कुणाला जाऊन विचारू? आज रविवार. मी नागपुरात माझ्या घरी आहे, कूलरमध्ये पाणी भरते, भाजी निवडते, आणि मध्येच हात थांबतात. आपलंच नाव मनात उच्चारून पाहते, तर ते दुसऱ्या कुणाचं वाटतं.

हे सगळं एका फळीमुळे निघालं. माझी नात, म्हणजे तुमची पणती, तुम्ही पाहिली नाही. ती तेरा वर्षांची आहे आणि आईवडिलांबरोबर गोव्याला राहते. तिथे समुद्रावर एक खेळ खेळतात, सर्फिंग म्हणतात त्याला. फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारत लाटेची वाट पाहायची, आणि लाट आली की त्या धावत्या फळीवर उभं राहायचं. वर्षभर ती शिकवणीतल्या फळ्या वापरत होती. या वाढदिवसाला तिला स्वतःची फळी हवी होती, आणि ती मी घेऊन देईन असं मी कबूल केलं होतं. निवडायचीही मीच. "आजी, तुझे बाबा सुतार होते ना? मग तुला कळेल," असं तिनं म्हटल्यावर मी फुलूनच गेले होते.

मागच्या आठवड्यात तिनं गोव्याच्या दुकानातून व्हिडिओ कॉल लावला. मी फोन डाळीच्या डब्याला टेकवला आणि चष्मा लावून बसले. भिंतीला दहा-बारा फळ्या टेकवलेल्या होत्या. मी तिला म्हटलं, आडवी धर, फोन शेपटाशी ने, कडेवरून पाहू दे. एक डोळा मिटून मी पाहिलं, तुम्ही सागवानाची फळी पाहायचे तशी. "ही वाकलीय. दुसरी दाखव." दुसरीही वाकलेली. तिसरीही. मी दुकानदाराला म्हटलं, "तुमचा सगळा माल ओलाव्यानं गेलाय हो." तो हसत सुटला. "मावशी, नाक वर उचललेलंच असतं. नाही तर लाटेत घुसेल ना!" नात तर जमिनीवर बसून हसत होती. "आजीनं अख्खं दुकान नापास केलं!" मीही हसले. बोटाच्या सांध्यानं टकटक करायला लावली, आवाज ऐकला, आणि शेवटी एक पांढरी, निमुळती, टोकदार फळी पसंत केली. दुकानदार म्हणाला, "आमच्या लाटा लहान, मावशी. मुलगी शिकतेय. तिला रुंद आणि जाड घ्या, थोडी लांब, नाकाला गोल." मी म्हटलं, "एवढ्याशा लाटेला एवढं धूड कशाला? लहान लाटेला लहान फळी." नातीलाही तीच हवी होती, मोठ्या मुलींकडे तसली असते म्हणून. "सुताराची मुलगी आहे मी," असं वर त्याला ऐकवलं. शनिवारी जावई येऊन फळी घेऊन जातील, असं ठरलं.

मंगळवारी काकूला भेटायला खाप्याला गेले. आता ती ऐंशीच्या वर आहे, कानानं कमी ऐकते, पण चूल अजून सोडलेली नाही. हसवावं म्हणून मी तिला दुकानाची गंमत सांगितली. ती हसली नाही.

"कोनती घेतली म्हनते?"

"निमुळती. तिथल्या लाटा लहान असतात ना, काकू."

"अन् लहान लाटेले निमुळतं चालते, हे कोन सांगतलं तुले?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"हाव. तुह्या बाबालेही असंच वाटलं होतं."

मला वाटलं, तिला काही तरी भलतंच आठवतंय. म्हटलं, बाबांचा आणि पाण्याचा काय संबंध, ते तर टेबलं आणि दारं करायचे. काकूनं चहाचं गाळणं खाली ठेवलं. "तुले मालूम नाही? बाप्पा! कोनीच नाही सांगतलं वं तुले?"

मग तिनं सांगितलं. तुम्ही तिथेच कन्हान नदीच्या घाटावर डोंगे, म्हणजे लाकडी नावा, बनवत होता. पैलतीरावरचे लोक तुमच्याच डोंग्यातून बाजाराला यायचे. सगळे रुंद बुडाचे. एका वर्षी उन्हाळ्यात पाणी मांडीभर उरलं होतं, मध्ये तेवढा एक डोह. एवढ्याशा पाण्याला रुंद बूड कशाला, म्हणून तुम्ही एक लांब, निमुळता डोंगा केला. देखणा. त्यात सगळ्यात आधी हौसेनं बसली ती तुमची बहीण. सोळा वर्षांची. "वाऱ्यानं उठते तेवढी लाट होती वं," काकू म्हणाली, "एवढी. माह्या लग्नाले महिना नव्हता झाला. मी घाटावर भांडे घासून राहिली होती. डोंगा डोहावर गेला अन् कलंडला. तुह्या बाबानं उडी मारली, पन ती बुडाखाली अडकली होती." मग गाळणं परत उचलून, "दुसऱ्या साली तू झाली. तुह्या आजीनं तेच नाव ठेवलं. तुह्या बाबाले कोनी विचारलंही नाही. तो नागपूरले निघून गेला, तो काही घाटावर परत आला नाही."

माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. काकू म्हणत होती, पी वं, पी.

बाबा, तुम्ही मला कधीच नावानं हाक मारली नाही. पोरी म्हणायचे, बाई म्हणायचे, रागात असलात की फक्त खाकरायचे. शाळेत माझ्या मैत्रिणींचे वडील फाटकाशी उभे राहून त्यांना नावानं हाका मारायचे आणि तुम्ही नुसता हात वर करायचे. लाकडाच्या भुशामुळे घसा बसतो, असं आई सांगायची. माझ्या प्रवेशाच्या दिवशी कॉन्व्हेंटच्या ऑफिसात सिस्टरनं तुम्हाला विचारलं होतं, मुलीचं नाव काय. तुम्ही गप्प. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. मग आईनं सांगितलं. तुम्हाला तिचं हिंदी समजलं नसेल, असं वाटून मी पन्नास-पंचावन्न वर्षं मनातल्या मनात तुमची कीव करत आले.

आणि पाचवीतली ती सहल. तलावावर नावेत बसवणार होते. तुम्ही चिठ्ठीवर सही केली नाहीत. मी इतवारीत तुमच्या कामाच्या जागी येऊन रडले, भुशात पाय आपटले. तुम्ही रंधा थांबवला नाही. "पान्याचं काम नाही आपलं. काहून रडून राहिली?" तेवढंच. सिस्टरनं मला सहलीला नेलं, पण काठावर बसवलं, सगळ्यांचे डबे सांभाळायला. नावेतून मुली हात हलवत होत्या. त्या दिवशी मी ठरवलं की तुम्ही मागासलेले आहात. नंतर तुम्ही मला एक कंपासपेटी करून दिली होती, सागवानाची, सरकत्या झाकणाची. मी ती वर्गात नेली नाही. सगळ्यांकडे पत्र्याच्या होत्या.

हे सगळं मला खाप्याच्या बसस्टँडवर एकदम आठवत होतं, आणि एकही गोष्ट धड जागेवर बसत नव्हती. बस समोर उभी होती, कंडक्टर "चला मावशी" म्हणून ओरडत होता, आणि मी मुलीला फोन लावत होते. ती घाबरली. आई, काय झालं, रडतेस का? मी म्हटलं, ती फळी नको. दुकानदार म्हणाला तीच घे. रुंद. "अगं, पण तूच तर..." मी म्हटलं, मी चुकले. मला काही कळत नाही फळीतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराशीही बोलले. बिचाऱ्यानं एकदाही टोमणा मारला नाही. तो म्हणाला, मोठ्या लाटेत जोर असतो, ती निमुळत्या फळीलाही उचलून नेते. लहान लाटेत तेवढा दम नसतो. अशा वेळी फळीनं स्वतःच पाण्यावर तरंगून राहायचं, म्हणून ती रुंद हवी, जाड हवी, खालून सपाट हवी. शिवाय नवशिक्याला वरून मऊ, म्हणजे डोक्यावर आदळली तरी इजा कमी. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तो एक उन्हाळा सोडून तुम्हाला हे नेहमीच माहीत होतं.

खरं सांगू? मंगळवारी परतताना बसमध्ये मी ठरवलं होतं की फळीच घेऊ द्यायची नाही. मुलीला सांगायचं, पोरीला पाण्यात घालू नकोस. सावनेर येईपर्यंत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मग लक्षात आलं की ते तुमचंच वाक्य होतं. आणि त्या वाक्यानं माझं काय केलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तसंच ते वाक्य तुमच्या तोंडी कुठून आलं हे सांगायला तुम्हीही कधी आला नाहीत. मी पुन्हा फोन केला नाही. घरी येऊन पडून राहिले.

काल फळी घरी आली. आठ फुटांची, निळी, नाकाला गोल, खरंच धूड. नात थोडी नाराज होती. "आजी, ही म्हातारीसारखी दिसते." मी म्हटलं, "असू दे." आज सकाळी समुद्रावर जायचं होतं. लेकीनं काठावरून व्हिडिओ कॉल लावला. गुडघ्याएवढ्या लाटा होत्या. पोर फळीवर पालथी पडून आत गेली, लहान होत होत एक ठिपका झाली. लेक सांगत होती, आता वळली, आता लाट येतेय, बघ आई, बघ.

थोड्या वेळानं नात ओल्या केसांनी धापा टाकत फोनवर आली. "आजी, उभी राहिले! पहिल्याच लाटेला! पाहिलंस ना? किती वेळ उभी होते सांग?"

"बराच वेळ," मी म्हटलं. "सगळं पाहिलं."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. लाट आली तेव्हा मी फोन टेबलावर पालथा घातला होता, आणि त्यावर दोन्ही हात दाबून बसले होते.