वाहनाची झीज सामान्य वापरातील असल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परत-वाहन तपासणी विभाग,
वाहन कर्ज कंपनी, मुख्य कार्यालय.

विषय : परत केलेल्या मोटारीवरील नुकसान-आकारणी कमी करणे व जामीनदारासमवेतच्या बैठकीतून मला वगळणे याबाबत.

संदर्भ : आपले आकारणीचे पत्र व सोबतची छायाचित्रे.

महोदय,

सविनय निवेदन असे की, सदर मोटार माझ्या नावच्या कर्जावर घेतलेली असून माझे पती त्या कर्जाला जामीनदार आहेत. हप्ते माझ्या पगारातून जात आणि गाडी बहुधा ते चालवत. मुदत संपण्याआधीच मी ती स्वतः आपल्या आवारात आणून लावली व किल्ली खिडकीवरच्या बाईंच्या हातात दिली. आता आपण दुरुस्तीची रक्कम मागितली आहे. ती मान्य नसल्यास कर्जदार व जामीनदार यांनी एकाच टेबलाशी बसून तोडगा काढावा, त्यासाठीची नोटीस माझ्या नव्या पत्त्यासह जामीनदारांना जाईल, असेही आपण कळवले आहे. त्या पत्त्यावर मी व माझी मुलगी राहतो. तो जामीनदारांना ठाऊक नाही. तो त्यांना कळू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे. पैशाचे मागाहून बघता येईल.

आपल्या करारात एक कलम आहे. दैनंदिन, सामान्य वापरामुळे झालेली झीज कर्जदाराकडून वसूल केली जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. माझी सगळी भिस्त या कलमावर आहे. सामान्य म्हणजे किती, हे ठरवायला आपल्या तपासनिसांकडे प्लॅस्टिकची एक चकती असते. पोचा किंवा ओरखडा तिच्याखाली झाकला गेला तर तो सामान्य, बाहेर उरला तर पैसे. मी स्वतः गणवेश शिवण्याच्या कारखान्यात तपासणीलाच आहे, त्यामुळे पद्धतीबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र सामान्य काय हे घराघरावर अवलंबून असते. तरी बाबवार खुलासा खालीलप्रमाणे.

१. डॅशबोर्डला चालकाच्या शेजारच्या बाजूस गेलेला तडा. हा माझ्या कपाळाचा आहे. एका फटक्यात गेलेला नाही. वळण चुकले, सिग्नल लागला, मागच्याने हॉर्न वाजवला, की पती मागचापुढचा विचार न करता माझी मान धरून पुढे आपटत. हे अंगवळणी पडले होते, म्हणजे माझ्याही आणि डॅशबोर्डच्याही. समोरचा दात गेला तेव्हा दातांच्या डॉक्टरांना मी जिन्यावरून पडले असे सांगितले. आमचे घर तळमजल्यावर आहे. डॉक्टर आमच्या समोरच राहतात. त्यांनी दात बसवून दिला व त्याबद्दल ब्र काढला नाही.

२. त्याच बाजूच्या दाराची आतली तुटलेली मूठ. चालत्या गाडीतून उतरण्याचा प्रयत्न मी केला होता, हे खरे आहे. पतींच्या एका हातात स्टिअरिंग होते आणि दुसऱ्या हातात माझी वेणी. मूठ माझ्या हातात आली, वेणीचा काही भाग त्यांच्या हातात राहिला. मुठीचे आपण पैसे लावले आहेत.

३. पुढच्या काचेला तडा, कारण "बाहेरून दगड". महोदय, येथे तपासनिसांची साफ चूक झाली आहे. काच आतून फुटलेली आहे. पाण्याने भरलेली स्टीलची बाटली माझ्या तोंडावर मारली होती, मी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याबद्दल मला घरी गेल्यावर वेगळा मार बसला, तो या अर्जात मी धरलेला नाही.

४. मागच्या सीटवर "खाद्यपदार्थाचा डाग" व दाराच्या आतल्या बाजूस ओरखडे. आम्ही गाडीत कधीही काही खाल्लेले नाही, खाण्याची हिंमतच नव्हती. तो डाग माझ्या मुलीच्या नाकातल्या रक्ताचा आहे. दोन सीटांमधून ती पुढे वाकून "बाबा, पुरे" असे म्हणाली आणि मागे आलेले कोपर तिला लागले. त्यानंतर ती आपणहून सायकलचे हेल्मेट घालून गाडीत बसू लागली. मी सांगितले नव्हते. ओरखडे त्या हेल्मेटचे आहेत. सात वर्षांचे मूल शाळेत जाताना आधी हेल्मेट शोधते आणि मग दप्तर, याला दैनंदिन वापर म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे, हे आपणच सांगावे.

तपासणीच्या वेळी मी हजर होते. तपासनीस काच पाहायला वाकले तेव्हा चकती बॉनेटवर होती. मी ती उचलून माझ्या दंडावरच्या काळ्या-निळ्या डागावर ठेवून पाहिली. डाग चारही बाजूंनी बाहेर उरला. ते म्हणाले, "ताई, मी फक्त गाडी बघतो हो." गृहस्थ भले होते, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. चकती पुसून मी त्यांना परत दिली.

५. समोरचा बंपर, फुटलेला दिवा व बॉनेटवरचा मोठा पोचा. मी गाडी काढून निघाले की पती फाटकात आडवे उभे राहत व बॉनेटवर दोन्ही हात टेकत. मी निमूटपणे गाडी मागे घेत असे. मग ते दार उघडून मला केसांना धरून बाहेर ओढत व अंगणातच लाथा घालत, शेजारी आपापल्या खिडक्या लावून घेत. त्या दिवशीही ते हात टेकून उभे राहिले. हसत म्हणाले, "घे मागे. घे की." मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, मागे नको." मी पहिला गिअर टाकला.

काच बंद असूनही हाड मोडल्याचा आवाज आत ऐकू आला. मी थांबले, रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत दारे लावून गाडीतच बसून राहिले. ते ओरडत होते. मला कीव आली नाही, खोटे कशाला लिहू? रुग्णवाहिका गेल्यावर मी तशीच आपल्या आवारात आले. दवाखान्यात त्यांनी आपण जिन्यावरून पडलो असे सांगितल्याचे नणंदेकडून कळले. ते कारण त्यांना शोधत बसावे लागले नसेल, आमच्या घरात ते तयारच होते.

तरी बाब १ ते ४ सामान्य वापरातील झीज समजून रद्द कराव्यात. तोडगा माझ्या एकटीच्या सहीने करावा. जामीनदार आता कुबड्या घेऊन चालू लागले आहेत, तेव्हा माझा पत्ता कोणत्याही कागदावर त्यांच्याकडे जाऊ देऊ नये. तो गेला तर आपल्या चकतीखाली न मावणारे पुष्कळ काही घडेल आणि त्याची आकारणी कोणाच्या नावे करावी, हे करारात लिहिलेले नाही.

बाब ५ मात्र सामान्य वापरात मोडत नाही. ती एकदाच घडली. तिची रक्कम मला पूर्णपणे मान्य आहे.

टपालाने उत्तर द्यावे, भेटीस बोलावू नये, या विनंतीसह,

आपली नम्र,
(सही)
कर्जदार
दिनांक : नोटीस निघण्याच्या आदल्या दिवशी, हातोहात दाखल.

सोबत :
बंपर, दिवा व बॉनेट यांच्या पूर्ण रकमेचा धनादेश.

ता. क. मुलीचे हेल्मेट मागच्या सीटखाली राहिले आहे. आपल्या माणसांना सापडल्यास कृपया पाठवू नये. तिला ते आता लागत नाही.