हलका केलेला कौल

चिरंजीव भिकाजी यास, थोरली बहीण तुळसा हिचा आशीर्वाद. तू खुशाल आहेस हे विमलाने फोनवर सांगितलंच आहे, तेव्हा तेच पुन्हा विचारून कागद वाया घालवत नाही. माझे गुडघे जागेवर आहेत, फक्त मी म्हणते तिथे येत नाहीत. डॉक्टरांनी तुला महिनाभर मोबाइल बघायला मनाई केली, म्हणून हे पत्र. मी सांगते आहे, माझी सून रश्मी लिहिते आहे आणि तिकडे तुझी बायको विमला वाचून दाखवील. (मला अक्षर येत नाही. त्यामुळे यात जे चांगलं वाटेल ते माझं समज, बाकीचं रश्मीचं.)

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि तुला पहिल्यांदा विमलाच दिसली, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. (तिला बघून तू 'किती म्हातारी झालंस गो' म्हणालास, तेही कळलं. एकच डोळा असलेल्या माणसाने जरा जपून बोलावं. औषधाचे थेंब तिच्याच हातात आहेत.)

आता खुलासा. एक डोळा काचबिंदूने नेला, म्हणून उरलेल्या डोळ्यातल्या मोतीबिंदूला देवाच्या कौलाशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही, हा हट्ट तुझा. कौल लावून फोनवर सांगते म्हटलं, तर 'तुझ्या तोंडचो नको, माका देवाचो दाखव.' लहानपणी करवंदं वाटताना मी एकदोनदा हात मारला, ते तू पंचाहत्तरीलाही विसरला नाहीस. मग सोमवारी महादू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. रश्मी समोर मोबाइल धरून उभी. देवाला त्या दिवशी घाई नव्हती. पाऊण तास कळी हलेना. रश्मीचा हात भरून आला आणि मला खांबाला टेकून डुलकी लागली. (तीही त्यात आली आहे.)

पडली एकदाची. पण व्हिडिओ झाला दोन जीबीचा. जीबी म्हणजे काय ते मी बघितलेलं नाही, पण जड असणार, कारण विहिरीच्या कठड्यावर, जिथे थोडी रेंज येते तिथे, मोबाइल सकाळपासून दुपारपर्यंत ठेवला तरी व्हिडिओ जागचा हलला नाही. रश्मी पर्यटकांना खोल्या देते आणि सुरमईच्या ताटाचे व्हिडिओ ऑनलाइन टाकते, तेव्हा ते हलके करायला तिला येतं. मी बजावलं की देवाचं काही कापायचं नाही. 'कापूचां नाय आई, बारीक करूचां,' म्हणाली, आणि इतकं बारीक केलंन की तुझा फोन आला, 'गो तुळसे, देव खंय आसा? ह्यां तर मासळेचां जाळां दिसता.' नुसते चौकोन. पुन्हा केला, तर तो तुझ्या जुन्या मोबाइलात उघडेना. मग त्याचा प्रकार बदलून तिसऱ्यांदा पाठवला. तो उघडला, स्वच्छ दिसला, आणि तू डॉक्टरांची तारीख मोडून मोकळा झालास. 'देवान नाय म्हटल्यान. डावी पडली.' मी तर निकाल सांगितलाच नव्हता, माझ्या तोंडचा तुला नको होता ना.

नंतर रश्मीने नीट बघितलं तेव्हा कळलं, की हलका करता करता तिच्या हातून व्हिडिओची बाजूच उलटली होती, आरशात दिसते तशी. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. मी तिला काय काय बोलले ते लिहायला ती तयार नाही. मग तिने तो सरळ करून धाडला, त्यात उजवी पडलेली तू पाहिलीस आणि दुसरी तारीख घेतलीस. आणखी महिना काढला असतास तर हाही डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. तेव्हा वेळेवर थेंब घाल, वाकू नकोस, आणि विमला सांगते तसं वाग. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी बहीण तुळसा
(अंगठा माझा, शाई रश्मीची)

ता. क. तिकडे यायला नांदगावला गाडीत बसणाऱ्या शेजारच्या निलेशकडे कोकमाची सोलं दिली आहेत. पिशवी आठवणीने मागून घे, तो विसरतो.

आणखी ता. क. विमला, इथून पुढचं मनात वाच. उलटा व्हिडिओ तो शेवटचा, उजवी पडलेली दिसते तो. कळी डावीच पडली होती, महादूने पाहिली आणि मीही पाहिली. याने तारीख मोडल्यावर तू फोनवर रडलीस, तेव्हा मी रश्मीला विचारलं, 'तां आरशातल्यासारख्यां करूक येता मां?' ती म्हणाली, 'येता, पण आई, देव?' म्हटलं, देवाचं मी बघते. देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, की बाबा, तू नाही म्हणालास ते त्या तारखेला. ती तारीख गेली. तुझा शब्द राहिला, आता माझ्या भावाचा डोळाही राहू दे. रश्मीने बिचारीने सगळा आळ स्वतःवर घेतला. तर तुझ्याकडे काम एवढंच, की महिना संपून मोबाइल त्याच्या हाती जायच्या आत तो शेवटचा व्हिडिओ पुसून टाक. त्यात महादू डाव्या हाताने तीर्थ देतो आहे, आणि आता याला ते दिसेल. मध्येच गप्प का झालीस म्हणून विचारील, तर सांग, रश्मीचं अक्षर लागत नाही. (हे तिने मी दोनदा सांगितल्यावर लिहिलं.)