फाट्यावरचा हॉर्न

बगदाद, मार्च १९८२

सिंधूताईले सुखदेवचा जय भीम.

मी बरा आहो. लढाई आमच्यापासून दूर चालून राहिली, काळजी करू नको. आईचा खोकला कसा आहे?

तुले आठवते का वं, मी अन् रविंद्र त्याच्या बापाची राजदूत फटफटी घेऊन काटोल रोडनं उगाच भटकायचो? तू विचारायची, "कुठं गेलते गा?" आम्हालेच मालूम नसायचं. फाटा आला की मागं बसणाऱ्यानं गुडघा दाबायचा. ज्या बाजूचा दाबला, तिकडं गाडी वळायची. पेट्रोल संपलं तवा सावनेरहून एकदा ढकलत आणली होती.

इथं सिमेंटचे ट्रक चालवतानाही आमचा तोच खेळ चालते. माहा ट्रक पुढं, त्याचा मागं. फाट्यावर मी थांबतो, तो हॉर्न देते. एक म्हणजे डावीकडं, दोन म्हणजे उजवीकडं. रस्ता मले माहीत असते, तरी थांबतो.

प्रयागकाकू विचारतील, माह्या रविंद्रनं पत्र काहून नाही टाकलं. त्यायले सांग, त्याचं बोट दुखते, म्हणून दोघांचं मीच लिहिलं. बाकी काही बोलू नको. त्यायच्याकडे त्याचं पत्र किंवा तार आली असली, तर मले लगेच कळव.

सोमवारी फाट्यावर हॉर्न आला नाही. मागं नुसती धूळ होती. बाकीचे ड्रायव्हर ओरडले, तवा मी निघालो. त्याचा ट्रक अजून आला नाही.

आईले म्हण, सुखदेव गाडी हळू चालवते. फाटा आला की थांबूनच राहते.

तुहा भाऊ,
सुखदेव