ग्लासगोच्या वाटेवर खलफान

२ नोव्हेंबर

निश्चय झाला. ९ तारखेला दुपारच्या विमानानं दुबईहून ग्लासगो. गाडी मी स्वतः चालवणार.

मस्कतचा विमानतळ आपला, मान्य. पण आमच्या बुरैमीहून मस्कत म्हणजे डोंगर ओलांडून अर्धा दिवस, आणि तिथून ग्लासगोला सरळ विमान नाही. दुबई जवळ. मध्ये फक्त ती सरहद्द. सरहद्द कसली, एक फाटक. ओळखपत्र दाखवलं की पलीकडे अल ऐन. मी शाळेत जायचो तेव्हा फाटकही नव्हतं. न्याहारी बुरैमीत, शाळा अल ऐनला, मध्ये खजुराच्या बागा. एक देश कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो हे आमच्या गाढवालासुद्धा ठाऊक नव्हतं. किती सुखी गाढव होतं.

रय्या, माझी एकुलती एक लेक, तिथे बारा तारखेच्या सुमारास बाळंत व्हायची आहे. बाळाच्या उजव्या कानात पहिली अजान मी देणार. हे मी तिच्या लग्नातच जाहीर केलं होतं. जावई याकूब तिकडे हाडांचा डॉक्टर आहे. त्यानं तेव्हा मान हलवली होती. माणसाच्या कानावर पडणारे पहिले शब्द म्हणजे काही इंजेक्शन नव्हे, कुणीही टोचावं. त्याला लय समजणारा माणूस लागतो.

माझी बायको घाया महिन्यापूर्वीच गेली, एकटी. तिला विमानाचं काही वाटत नाही. मलाही वाटत नाही. आजवर बसायचा प्रसंग आला नाही इतकंच. हजला आम्ही रस्त्यानं गेलो होतो, आणि रस्त्यानं गेल्यावर जग दिसतं.

पुतण्या हुमैद म्हणाला, काका, मी सोडतो. नको म्हटलं. त्यानं विचारलं, अल ऐनच्या पुढे तुम्ही गाडी शेवटची कधी नेली होती? प्रश्न अप्रस्तुत होता.

४ नोव्हेंबर

अजानचा सराव. उशी उजव्या हातावर धरून. मान कुठली आणि डोकं कुठलं याचा आधी थोडा गोंधळ झाला.

दुपारी आवाज जरा लागला. शेजारच्या म्हाताऱ्या उम्म जुमानं खिडकीतून ऐकून नमाजाची चटई अंथरली, आणि वेळ झाली नव्हती हे कळल्यावर संध्याकाळपर्यंत मला बोलली. सत्तरीचा झालास तरी लोकांची फसवणूक करतोस, म्हणाली. मी ती आवाजाची तारीफ समजून घेतली. फसली म्हणजे आवाज खराच वाटला असणार.

उद्यापासून हळू आवाजात.

६ नोव्हेंबर

घायाचा फोन. येताय ना, असं तीन वेळा विचारलं. या प्रश्नाचा सूर मला आवडला नाही. लोकरीचे मोजे आणा म्हणाली. मी विमानातून दिसणाऱ्या ढगांवर दोन ओळी रचल्या होत्या, त्या ऐकवल्या. तिनं विचारलं, ढग तुम्ही वरून कधी बघितलेत? कवीला बघावं लागत नाही, हे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला पटवता आलेलं नाही.

हलव्याचे दोन डबे, सुक्या लिंबांची पिशवी, पासपोर्ट, मोजे. गाडी फाटकापर्यंत नेऊन परत आणली. उत्तम चालते. मागून सगळेच हॉर्न वाजवत होते. हल्लीच्या लोकांना धीर नाही.

९ नोव्हेंबर, पहाटे

निघालो. भरपूर वेळ हातात आहे. वाटेत पाच मिनिटं खलफानकडे. त्याचं घर फाटकाच्या पलीकडे लगेच आहे. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस शाळासोबत्याच्या दारावरून तसाच पुढे गेला, असं उद्या कुणी म्हणायला नको. एक पेला कॉफी, आणि उठायचं.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ, घरी

विमान गेलं.

जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे दोष कुणाचा नाही हे स्पष्ट होईल.

खलफान ओसरीवरच बसला होता. मला बघून त्याचे डोळे भरून आले. खजूर आले, कॉफी आली. मी पेला हलवून बस म्हटलं. आता धुपाटणं येईल, दाढीला धूर घेऊ, आणि निघू. धूप फिरला की पाहुण्यानं उठायचं, आणि धुपाआधी उठला तर तो भांडून उठला, हे आपल्याकडे लहान मुलाला कळतं.

धुपाटणं आलं नाही. खलफाननं विहिरीची कविता म्हणायला सांगितली. चौथीत उस्ताद शुक्रींनी शिकवलेली:

विहिरी गं विहिरी, तुझं पाणी कुणाचं?
ज्यानं दोर आणला, त्याचं गं त्याचं.

संपूर्ण म्हटली. तो रडला. मग डोळे पुसून माझ्याकडे वळला, आणि आनंदानं म्हणाला, अरे, तू कधी आलास? पुन्हा मिठी, पुन्हा तब्येतीची चौकशी, पुन्हा खजूर, पुन्हा कॉफी. आणि पुन्हा तीच कविता. असा आग्रह मी आयुष्यात पाहिला नाही. एकूण चार वेळा म्हणून घेतली, आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडला. याला म्हणतात रसिक. आमच्या घरात मी पहिली ओळ म्हटली की लोक भांडी घासायला उठतात.

मध्ये मी खोकलो. भिंतीवरच्या घड्याळाची स्तुती केली. यंदा चंदन कुठून आणलंत, असंही सुचवून पाहिलं. पाहुण्यानं तोंडानं धूप मागणं म्हणजे निर्लज्जपणा. त्याहून पुढे मला जाता आलं नाही. दुपारी भात आला.

विमानं काय, रोज जातात.

१० नोव्हेंबर

हुमैदनं नवं तिकीट काढलं, १३ तारखेचं. काढताना तारीख मला तीनदा वाचून दाखवली. त्याच्या वडिलांचीही हीच सवय होती.

फोनवर घाया म्हणाली, खलफानच्या जागी ओसरीवर बोकड बांधला असता तरी तुम्ही थांबला असतात. यात काव्य नाही, पण हे ती कुठल्या अर्थानं म्हणाली असेल, हा विचार सकाळभर डोक्यातून गेला नाही.

११ नोव्हेंबर

मुलगा झाला! एक दिवस आधीच. रय्या सुखरूप.

मी घायाला बजावलं की अजानचं कुणी बघायचं नाही, मी येतोय. ती हो हो म्हणाली. मागे बाळ रडत होतं. आवाज वरच्या पट्टीतला आहे. माझ्यावर गेला.

दोन दिवस थांबलं तर बिघडत नाही. कान कुठे पळून जात नाहीत.

१३ नोव्हेंबर, सकाळ

या वेळी पूर्ण योजना आहे. खलफानकडे न थांबता जाणं अशक्य, कारण रस्त्यावरून त्याला माझी गाडी दिसते आणि त्याचं मन दुखावेल. पण आपणच चांगला ऊद भेट म्हणून न्यावा. भेट आली की यजमान ती पाहुण्यासमोर पेटवणार. पेटवली की धूर. धूर झाला की उठायचं. कुणाचाही अपमान नाही. रात्री हे सुचलं तेव्हा स्वतःशीच हसलो.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ, घरी

खलफानची सून महरा हिनं ऊद दोन्ही हातांनी घेतला, नाकाशी नेला, इतका महाग आणायची काय गरज होती म्हणाली, आणि ईदला काढू म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं.

कविता पाच वेळा.

परतताना फाटकावरच्या शिपायानं ओळखपत्र बघून विचारलं, आजोबा, आज पण ग्लासगो नाही का? या फाटकाला पूर्वी वाचा नव्हती तेच बरं होतं.

१४ नोव्हेंबर

महराचा फोन. म्हणाली, काका, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते. बाबांना आठवत नाही. दोन वर्षं झाली. स्वतःच्या मुलाला ते पाणीवाला समजतात. तुम्हाला ओळखतात, पण शाळेतल्यापुरतं. तुम्ही आलात हे कपातली कॉफी संपेपर्यंत विसरतात. तुम्हाला घाई असेल तर सरळ उठून जात चला, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. आणि घाई नसेल तेव्हा येत चला. तुम्ही गेल्यावर ते बराच वेळ शांत असतात.

बाईचा हेतू चांगला आहे. पण तिचा काहीतरी गैरसमज होतोय. ज्याला काही आठवत नाही तो तिसऱ्या कडव्यात माझ्याआधी 'दोर' हा शब्द कसा म्हणेल?

त्याला हवं ते आठवतं. बाकीचं त्यानं सोडून दिलंय. मीही सोडलं असतं.

१५ नोव्हेंबर

आज सराव केला नाही. उशीही जागेवर होती.

विमानात दारं बाहेरून लावतात की आतून, हे हुमैदला सहज विचारलं. त्यानं उलट विचारलं, काका, भीती वाटते का? मी म्हटलं, ज्ञान म्हणून विचारलं.

१६ नोव्हेंबर

हुमैद स्वतःहून आला. उद्याचं तिकीट आहे, गाडी तो चालवणार, वाटेत कुणाकडेही थांबणार नाही, आणि पहाटेच निघायचं. एवढ्या लवकर कशाला, असं मी विचारलं, तर एकदा तरी लवकर पोचा म्हणाला. ठीक आहे. तरुणांना कधीतरी मान द्यावा.

निश्चय: खलफानच्या घरासमोरून जाताना डोळे मिटून घ्यायचे.

१७ नोव्हेंबर, सकाळ, दुबई एअरपोर्ट

पोचलो! फाटक, अल ऐन, खलफानची ओसरी (डोळे मिटले होते, थोडे उघडले, ओसरीवर कुणी नव्हतं, उन्हं यायची होती), मग तो लांब सरळ रस्ता, आणि दुबई. असं म्हणतात की कामं होत नाहीत. मनात आणलं की होतात.

काय ही जागा. अख्ख्या बुरैमीला बॅगांसकट इथल्या एका कोपऱ्यात बसवता येईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. सगळे कुठून तरी कुठे तरी. यावर चार ओळी करायला हव्यात.

हुमैदनं गाडी लावली आणि मला खालच्या मजल्यावर आणलं. मी म्हटलं, अरे, जाणाऱ्यांचं वर आहे, पाटी वाच. तो म्हणाला, माहीत आहे काका, आधी काकीला घेऊ. आता उतरली असेल.

कोण काकी?

१७ नोव्हेंबर, नंतर

घाया ट्रॉली ढकलत बाहेर आली. चेहरा ताजा, जणू वाण्याकडून आली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, याकूबची आई आलीय, घर दोन खोल्यांचं, आता चाळीस दिवस ती बघेल. हे मी तुम्हाला सोमवारी फोनवर सांगितलं होतं, पण तुम्ही ढगांवरच्या ओळी पुन्हा म्हणत होतात.

मग तिनं घड्याळ बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “तुमच्या विमानाला अजून अर्धा दिवस आहे. जायचं तर जा. रय्याच्या सासूबाईंना मी सांगून ठेवलंय, बैठकीत गादी घालतील. याकूब न्यायला येईल. मी अडवत नाहीये.”

हुमैद जमिनीकडे बघत होता. वर जायचा सरकता जिना माझ्यासमोर पाच पावलांवर होता. लोक त्यावर उभे राहायचे आणि आपोआप वर जायचे. त्यांना काही करावंच लागत नव्हतं.

मी विचार केला. बायको दीड महिन्यानं परत आलेली. रात्रभराचा प्रवास. जड बॅगा. अशा वेळी तिला एकटं घरी पाठवून नवऱ्यानं आकाशात निघून जायचं, हे कुठल्या धर्मात बसतं? हुमैद आहे म्हणा. पण पुतण्या तो पुतण्या.

तसं मी बोलून दाखवलं. घायानं बॅगेची दांडी माझ्या हातात दिली.

हलव्याचे डबे मात्र वाया गेले नाहीत. एक डबा हुमैद वाटेतच खाऊ लागला.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ, घरी

हेही लिहून ठेवतो.

अर्ध्या वाटेवर पेट्रोलपंपाशी थांबलो असताना घायानं मोबाइल पुढे केला. बाळ. पांढऱ्या दुपट्यात, तोंड उघडं, डोळे मिटलेले, मुठी अशा धरलेल्या की जणू कुणाशी बाचाबाची चालू आहे. श्वास घेताना दुपटं वर-खाली होत होतं.

मला एकदम कळलं की काय करायचं. हुमैदला इंजिन बंद करायला लावलं. खिडक्या वर केल्या. पडद्यावर उजवा कान कुठल्या बाजूला येतो हे आधी नीट ठरवलं. तो दुपट्याबाहेर होता, लाल, दुमडलेला. ओठ अगदी जवळ नेले आणि हळू आवाजात, एकाही शब्दाची घाई न करता, अजान दिली. आवाज असा आयुष्यात लागला नव्हता. शेवटी तर तो जरा हललादेखील. मला वाटतं, हसला.

घाया खिडकीबाहेर बघत होती. मी संपवल्यावर तिनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

“अहो, हा व्हिडिओ आहे. परवाचा. आणि अजान याकूबनं त्याच दिवशी दिली, पोर नीट पुसायच्याही आधी. तुमची वाट बघायचं कुणी ठरवलंच नव्हतं.”

मग हुमैदनं गाडी चालू केली.

आज रात्री जेवायचं नाही असं ठरवलं होतं. घायानं आल्या आल्या मासा आणि भात केला. जेवलो.